पंप म्हणतो ५३ मिली गेलं, सिरिंज होती ५० ची

मी आयसीयूत इनचार्ज ब्रदर आहे, जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात, हायवेला लागून छोटं हॉस्पिटल आहे. गाव, पेशंट, पंपाची कंपनी, सिरिंजचा ब्रँड यातलं काहीच सांगणार नाही, आणि ओळख पटू नये म्हणून पेशंटबद्दलच्या एक-दोन गोष्टी बदलल्यात. यात कोणी दगावलं नाही हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचताना धाकधूक नको. चूक कुठे झाली हे आम्हाला तीन दिवस कळलं नाही आणि त्या तीन दिवसांत आम्ही दोनदा छातीठोकपणे चुकीचं निदान केलं, त्यातलं एक माझं स्वतःचं, म्हणून लिहितोय.

पार्श्वभूमी

आयसीयू सहा बेडचं. सिरिंज पंप, म्हणजे सिरिंजमधलं औषध ठरलेल्या वेगाने थोडं थोडं शिरेत ढकलणारं मशीन, पाच. तीन एका कंपनीचे, दोन दुसऱ्या कंपनीचे, जुने, त्यातल्या एकाची बॅटरी गेलेली म्हणून तो कायम प्लगला. आर्टेरियल लाइन (धमनीतली नळी, बीपी सतत दाखवते) आमच्याकडे क्वचित टाकली जाते, बीपी कफवर, मॉनिटर दर १५ मिनिटांनी आपोआप घेतो. ही १५ मिनिटं लक्षात ठेवा, पुढे कामाला येतील.

पेशंटला आपण आबा म्हणू. साठीच्या पुढचे, वजन ६० किलो, शुगर जुनी आणि गोळ्या मनात आलं तर घ्यायच्या. शेतात पायात बाभळीचा काटा मोडला, आठ दिवस हळद-तेल करत बसले, पाय गुडघ्यापर्यंत सुजला, ताप आला, बोलणं असंबद्ध झालं तेव्हा पोराने गाडीत घालून आणलं. आले तेव्हा वरचं बीपी ७०. सेप्सिस, म्हणजे जंतुसंसर्ग अंगभर भिनलेला. सलाईन, अँटिबायोटिक, गळ्यातून सेंट्रल लाइन, आणि तरी बीपी धरेना म्हणून नॉरॲड्रेनालिन हे बीपी वाढवणारं औषध चालू केलं, आम्ही त्याला नॉरॲडच म्हणतो.

डोस असा: ८ मिग्रॅ, ५० मिलीत. म्हणजे एका मिलीत १६० मायक्रोग्रॅम. पंप तासाला ४ मिलीवर. ६० किलोला हे मिनिटाला किलोमागे साधारण ०.१८ मायक्रोग्रॅम होतं. मीन (सरासरी) बीपी ६८-७०, आम्हाला ६५ च्या वर हवं असतं, म्हणजे छान चाललं होतं.

आता आठवडा कुठला, तर आखाजीचा. खान्देशात आखाजी म्हणजे काय हे बाहेरच्यांना कळणार नाही, लेकी माहेरी येतात, झाडाला झोके, गौराई, घरोघरी आमरस आणि सांजोऱ्या. आमच्या निम्म्या सिस्टर लेकीच आहेत कोणाच्या तरी, त्या गेल्या माहेरी. नाइटला एक जुनी सिस्टर आणि एक नवी, चार महिन्यांची. सप्लायरचं दुकान बंद. स्टोअरमध्ये नेहमीची ५० मिलीची सिरिंज संपली, स्टोअरच्या पोराने समोरच्या मेडिकलमधून दुसऱ्या ब्रँडच्या वीस आणून ठेवल्या. त्याचं काहीच चुकलं नाही, ५० मिलीच्या मागितल्या, त्याने ५० मिलीच्याच आणल्या.

पंप नक्की काय करतो

इथे जरा थांबतो, कारण हे समजलं नाही तर पुढचं सगळं ‘सिस्टरने चुकीचं बटण दाबलं’ एवढंच वाटेल.

सिरिंज पंपात औषध मोजणारं काहीही नसतं. आत एक मोटर, एक लांब स्क्रू, आणि त्या स्क्रूवर सरकणारा पुशर. तुम्ही तासाला ४ मिली टाकता, पंप मनातल्या मनात गणित करतो की या सिरिंजचा आतला व्यास इतका, मग ४ मिली बाहेर पडायला दांडा तासाला किती मिलिमीटर ढकलायचा, आणि तेवढाच तो ढकलतो, अगदी इमानदारीत. मोटर किती फिरली यावर त्याची बारीक नजर असते. पण नळीतून बाहेर काय पडलं, शिरेत काय गेलं, बीपीचं काय झालं, याचा त्याला पत्ता नसतो. स्क्रीनवर जे ‘इतके मिली गेले’ दिसतं ते मोजलेलं नाही, गणित करून लिहिलेलं आहे.

आणि ते गणित व्यासावर उभं आहे. ५० मिलीच्या सिरिंज सगळ्या सारख्या नसतात, एका ब्रँडचा आतला व्यास २६.७ मिमीच्या आसपास तर दुसऱ्याचा २९ च्या आसपास. दोन-अडीच मिलिमीटर, कोणाच्या डोळ्यात येणार? पण क्षेत्रफळात व्यासाचा वर्ग येतो. २९.१ चा वर्ग भागिले २६.७ चा वर्ग, करून बघा, १.१९ येतं. म्हणजे रुंद समजून अरुंद लावली की औषध जवळपास १६ टक्के कमी जाणार, उलटं केलं की १९ टक्के जास्त. पंपाला सिरिंज ५० ची आहे की २० ची हे क्लॅम्पमध्ये (पकडीत) बसलेल्या सिरिंजच्या जाडीवरून कळतं, ब्रँड कळत नाही, तो पंप तुम्हाला विचारतो.

अजून एक. ४ मिली तासाला म्हणजे रुंद सिरिंजच्या हिशोबाने दांडा तासाला ६ मिमी सरकतो. मिनिटाला ०.१ मिमी. सिरिंज बसवताना क्लॅम्पमध्ये, फ्लँजमध्ये (सिरिंजच्या कडेच्या पंखात), दांड्याच्या टोकाशी मिळून १ मिमी जरी ढिलं राहिलं तरी पहिली १० मिनिटं पंप फक्त ती ढील खातो, स्क्रीनवर ४ दिसतं आणि पेशंटला शून्य जातं. म्हणून नवीन सिरिंज लावल्यावर पेशंटला जोडायच्या आधी पंपाचंच पर्ज बटण दाबून नळीच्या टोकाला थेंब येईपर्यंत चालवायचं असतं, हाताने ढकलून नाही. नॉरॲड रक्तात दोन-अडीच मिनिटांत अर्धं होतं, त्याला १० मिनिटांची सुट्टी परवडत नाही.

रात्री काय झालं

साडेनऊला सिरिंज संपत आल्याचा अलार्म वाजला. नव्या सिस्टरने नवीन सिरिंज भरली, बरोबर ८ मिग्रॅ, बरोबर ५० पर्यंत, लेबल लावलं, वेळ लिहिली. नळी हाताने भरली. पंपात बसवली, पंपाने विचारलं अमुक ब्रँड ना, नेहमीचंच नाव हायलाइट होऊन आलेलं, तिने ओके दाबलं. मी स्वतः तो ओके शेकडो वेळा न वाचता दाबलेला आहे. दिवसभरात पंप इतक्या वेळा ओके मागतो की ते बटण म्हणजे दाराची कडी झालीय, हात आपोआप जातो.

९:४५ ला मीन ५२. मॉनिटर ओरडला. जुनी सिस्टर आली, आरएमओ (ड्यूटीवरचे) डॉक्टर आले, लाइन कुठे दुमडली का बघितलं, नव्हती, थ्री-वे (नळीवरचा कॉक) उघडा होता, पंप चालू, हिरवा दिवा. रेट ६ केला. १० वाजता मीन ५५. रेट ७, वर २०० मिली सलाईन जोरात. १०:२० ला मीन ९४. घाईघाईने ५ वर आणला. १०:३५ ला ७२, अकराला ७०. ५ वर ठेवून सगळे खाली बसले.

चार्टवर आरएमओंनी लिहिलं, नॉरॲडची गरज वाढली, ४ वरून ५.

आज तो चार्ट बघितला की सगळं स्वच्छ दिसतं. पहिली १५-२० मिनिटं ढील खाण्यात गेली, पेशंटला जवळपास काहीच जात नव्हतं. तेवढ्यात आम्ही रेट वाढवत गेलो, ढील संपली आणि वाढवलेला रेट एकदम लागू झाला, म्हणून ९४. मग ५ वर स्थिरावलं, पण अरुंद सिरिंजमुळे ५ म्हणजे खरे ४.२. म्हणजे आबांना रात्रभर साधारण तेवढंच औषध जात होतं जेवढं दिवसा जात होतं. गरज वाढलीच नव्हती.

समोर कोणते पर्याय होते

मोठे सर, म्हणजे आमचे मुख्य डॉक्टर, जळगावला राहतात. साडेदहाच्या सुमारास त्यांना फोन गेला. फोनवर त्यांना काय ऐकू आलं: सेप्सिसचा पेशंट, बीपी अचानक पडलं, नॉरॲड ७ पर्यंत न्यावं लागलं. ७ म्हणजे स्क्रीनच्या हिशोबाने मिनिटाला किलोमागे ०.३१ मायक्रोग्रॅम. सेप्सिसच्या २०२१ च्या आंतरराष्ट्रीय गाइडलाइनमध्ये ०.२५ च्या पुढे गेलं की दुसरं औषध म्हणजे व्हासोप्रेसिन जोडायचा विचार करा असं आहे, स्टेरॉइडचा विचारही साधारण त्याच आकड्यापाशी सुरू होतो. म्हणजे सरांनी जो विचार केला तो आकड्याला धरूनच होता, आकडाच खोटा होता.

चार गोष्टींवर बोलणं झालं. अजून सलाईन द्यायचं का, तर फुफ्फुसात थोडे क्रेप्स (पाणी साठल्यासारखा चरचर आवाज) ऐकू येत होते म्हणून नको. व्हासोप्रेसिन गावात मिळत नव्हतं, जळगावहून मागवावं लागणार होतं, ५ वर बीपी धरलं म्हणून ते सकाळवर टाकलं. हायड्रोकॉर्टिसोन, म्हणजे स्टेरॉइड, ५० मिग्रॅ दर सहा तासांनी, ते चालू केलं. आणि चौथं, नाशिकला हलवायचं का.

पोरगा बाहेर बाकावर बसलेला, त्याला सांगितलं की तब्येत जरा खालावलीय. तो उठून उभा राहिला, “काय व्हयनं भाऊ? संध्याकाळलोंग तं बरा व्हतात. नाशिकले लई जाऊत का?” त्याने मामेभावाला फोन लावून अँब्युलन्सपण बघून ठेवली. आरएमओंनी खूप विचार करून सांगितलं की पहाटेपर्यंत थांबू, असं हलतं बीपी घेऊन रस्त्यात तीन-चार तास नको. माझ्या मते त्या रात्रीचा सगळ्यात चांगला निर्णय हा. कारण विचार करा, तोच पंप, तीच सिरिंज, गाडीत हादरे, पंप वर-खाली होणार, आणि नाशिकला पोचल्यावर तिथला स्टाफ त्यांच्या पंपावर त्यांच्या सिरिंजने ५ लावणार.

पाचवा पर्याय कोणी काढलाच नाही, की औषध पोचतंय का ते बघू. बीपी पडलं कधी, तर सिरिंज बदलल्यावर पंधरा मिनिटांत. आदला पूर्ण दिवस स्थिर असलेला माणूस सिरिंज बदलल्यावर पंधरा मिनिटांत बिघडतो तेव्हा संशय आधी सिरिंजवर जायला पाहिजे. पण हिरवा दिवा चालू होता ना. ऑक्ल्युजनचा (नळी तुंबल्याचा) अलार्म नव्हता म्हणजे नळी मोकळी असं सगळ्यांनी धरलं. खरं तर इतक्या कमी रेटला नळी पूर्ण बंद असली तरी प्रेशर साठून अलार्म वाजायला बराच वेळ लागतो, तासाला १ मिलीला तर अर्धा तासही जातो. अलार्म नाही याचा अर्थ औषध जातंय असा होत नाही.

सकाळ आणि माझी चूक

मी आठला आलो. हॅन्डओव्हर घेताना सवयीने पंपाची स्क्रीन बघितली. गेलेलं औषध: ५३.२ मिली. आणि सिरिंजमध्ये? अजून पाच मिली दिसत होतं.

मी दोनदा बघितलं. ५० मिली भरलेली सिरिंज, त्यातून ५३ गेले आणि ५ उरले, मग हे ५८ आले कुठून, द्रौपदीची थाळी आहे का?

इथवर माझी हुशारी. पुढे मी काय निष्कर्ष काढला, तर पंप खराब आहे, मोटर मागे पडतेय. सिरिंजकडे बघितलंच नाही. पंपावर ‘खराब’ असा कागद चिकटवला, दुसऱ्या कंपनीचा जुना पंप आणला, नवीन सिरिंज भरली (त्याच नव्या ब्रँडची, तीच होती स्टोअरला), यावेळी पर्ज नीट केलं, आणि ५ वर लावला. आता गंमत अशी की त्या जुन्या पंपात जो ब्रँड आधीपासून सेट होता तो या नव्या सिरिंजचाच निघाला. निव्वळ योगायोग. म्हणजे आता ५ म्हणजे खरोखर ५.

अर्ध्या तासात बीपी १७२, मीन १०१. मी ४.५ केला, मग ४. सव्वानऊला मीन ७१. आणि मी राउंडला सरांना मोठ्या आवाजात सांगितलं, सर, पेशंट सुधारतोय, नॉरॲड कमी होतंय. पोरालाही सांगितलं. त्याने तिकडे आईला फोन केला, “आबाले बरं वाटी ऱ्हायनं.”

रात्री बिघडला नव्हता, सकाळी सुधारला नव्हता. आबा आपले तिथेच पडून होते, आकडे वर-खाली होत होते.

फीडबॅक चूक झाकतो

कंट्रोल सिस्टिमच्या भाषेत लूप म्हणजे परिणाम बघून पुढचं पाऊल सुधारायचं चक्र, आणि पंपाच्या आत हा लूप बंद म्हणजे पूर्ण आहे, मोटरपुरता. पेशंटपुरता लूप उघडा. तो बंद करणारा माणूस म्हणजे आम्ही, बीपी बघायचं आणि रेट फिरवायचा. आता औषध दोन-तीन मिनिटांत असर दाखवतं आणि संपतं, आणि आमचा ‘सेन्सर’ १५ मिनिटांनी एकदा बोलतो. असा लूप हेलकावे खाणारच. ५२ वरून ९४, ही पेशंटची तब्येत नव्हती, आमच्या लूपची होती.

हे काम मशीनने करायचे प्रयत्न जुने आहेत. १९७० च्या दशकात अमेरिकेत अलाबामाच्या बर्मिंगहॅममध्ये लुई शेपर्ड यांच्या टीमने हार्ट सर्जरी झालेल्या पेशंटचं बीपी कॉम्प्युटरने वाचून नायट्रोप्रुसाइड या बीपी उतरवणाऱ्या औषधाचा पंप आपोआप कमी-जास्त करायची सिस्टिम वापरली होती. शुगरमध्ये तर हे आता घरोघर येतंय, २०१६ मध्ये अमेरिकेत पहिला हायब्रिड क्लोज्ड लूप इन्सुलिन पंप मंजूर झाला, सेन्सर शुगर बघतो आणि पंप इन्सुलिन जुळवतो. मला सारखं वाटायचं की असा पूर्ण ऑटोमॅटिक पंप असता तर आमचा घोळ झालाच नसता. आता तसं वाटत नाही. त्या पंपानेही तेच केलं असतं जे आमच्या सिस्टरने केलं, बीपी कमी दिसलं, रेट वाढवला, ४ चे ५ केले, बीपी जागेवर. त्याने ते जास्त गुळगुळीत केलं असतं आणि आतली १६ टक्क्यांची चूक अजूनच कोणाला दिसली नसती. पेशंट वाचतो, ते खरंच, पण पुढच्या सिरिंजला पुन्हा खेळ सुरू.

तराजू

तिसऱ्या दिवशी सर्व्हिस इंजिनिअर आला. त्याने बॅगेतली स्वतःची सिरिंज लावली, तपासलं, म्हणाला पंप ओके आहे भाऊ, आणि बिलबुक काढलं. मी म्हटलं भो थांब, चहा घे. चहा येईपर्यंत मी ५३ आणि ५ ची गोष्ट सांगत होतो, आणि तो शांतपणे म्हणाला, सिरिंज दाखवा.

नेहमीची एक रिकामी सिरिंज ड्रॉवरमध्ये सापडली. दोन्ही टेबलावर शेजारी ठेवल्या. शून्यापासून ५० च्या खुणेपर्यंत पट्टीने मोजलं, एक ७५ मिमी, दुसरी ८९. एवढा फरक, उघड्या डोळ्याला दिसणारा, आणि तीन दिवसात आम्ही कोणीही दोन सिरिंज शेजारी ठेवून बघितल्या नव्हत्या.

तरी मला पटवून घ्यायचं होतं. पंप तपासायची रीतसर पद्धत वजनाची असते, आंतरराष्ट्रीय स्टँडर्डमध्येही (आयईसी ६०६०१-२-२४) तशीच आहे, पाणी वाटीत पडू द्यायचं आणि तोलायचं, १ मिली म्हणजे १ ग्रॅम. मिलिग्रॅमचा तराजू हॉस्पिटलमध्ये कुठून असणार. पण जळगाव जिल्हा आहे हा, सोन्याचा तराजू प्रत्येक पेठेत. समोरच्या गल्लीतल्या सराफांकडे गेलो, म्हटलं शेठ, तराजू तासाभरासाठी पाहिजे. त्यांनी विचारलं काय तोलायचंय? पाणी म्हटल्यावर ते माझ्याकडे बघतच राहिले, पण दिला.

वाटीवर प्लॅस्टिक ताणून बसवलं, बाहेर ४४ डिग्री होतं, एवढंसं पाणी तासात उडून जाईल. ‘खराब’ पंपावर नवी सिरिंज, नेहमीचा ब्रँड सिलेक्ट, तासाला ५. तासाने ४.२ ग्रॅम. मग सिरिंज तीच, ब्रँड बदलून बरोबर केला. ४.९९. इंजिनिअर म्हणाला, काढा तो कागद.

पुढे काय झालं

आबांचं नॉरॲड चौथ्या दिवशी बंद झालं. पायाची दोन बोटं काढावी लागली, बाराव्या दिवशी घरी गेले. नुकसान काय झालं ते लपवत नाही. गरज नसताना स्टेरॉइड पडलं, त्याने शुगर ३२० वर गेली आणि दीड दिवस इन्सुलिनचा पंप लावावा लागला. अर्धा तास बीपी १७० वर होतं. एका घराने एक रात्र अँब्युलन्सचा नंबर हातात धरून काढली. पेशंट अजून नाजूक असता तर ती १५ मिनिटं वेगळीच ठरली असती.

मॅनेजमेंटला सिस्टरला मेमो द्यायचा होता. ती रडून रडून लाल झाली होती, मला म्हणाली सर, मी औषध बरोबर भरलं होतं हो. भरलंच होतं. मी अडून बसलो की मेमो द्यायचा तर पहिला मला द्या, पंप बाजूला ठेवून सिरिंज न बघणारा मी, आणि ब्रँड बदलला हे आयसीयूला कळवायची पद्धतच न बनवणारे आपण सगळे. मेमो टळला. बिननावाचा इन्सिडंट रिपोर्ट झाला. मटेरिओव्हिजिलन्सचा (वैद्यकीय उपकरणांमुळे झालेले घोळ नोंदवायचा) कार्यक्रम भारतात २०१५ पासून आहे, त्याचा फॉर्मही भरून पाठवला, पंप खराब नव्हता तरी, कारण वापरातली चूकसुद्धा तिथे कळवता येते. अमेरिकेच्या एफडीएने (औषधं-उपकरणांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) २०१० मध्ये सांगितलं होतं की आधीच्या पाच वर्षांत इन्फ्युजन पंपांबद्दल साधारण ५६,००० रिपोर्ट आले. आमच्याकडे पंप चुकत नाहीत असं नाही, आमच्याकडे कोणी लिहीत नाही.

पोराला सांगायचं की नाही यावर जास्त चर्चा झाली. सर आधी नको म्हणाले, मग स्वतःच बसले माझ्यासोबत. मी पंपाचं समजावत होतो, मोटर, स्क्रू, व्यास, तर तो मध्येच म्हणाला, “म्हंजे ठिबकसारखंच ना. टायमर म्हणे चार तास पाणी दिलं, अन् नळी १६ ची समजून १२ ची टाकेल.” मी इतकं थोडक्यात कधीच सांगू शकलो नसतो. चिडला नाही. एवढंच म्हणाला की रात्री मला खालावलीय सांगितलं तेव्हा मी जमीन विकायचा विचार करत होतो.

काय वेगळं करता आलं असतं

पर्ज. हे एकच केलं असतं तरी ती ५२ ची घसरण बहुधा झाली नसती, आणि ५२ नसतं तर फोन, स्टेरॉइड, नाशिक हे काहीच नव्हतं. नुसत्या १६ टक्क्यांच्या फरकाने मीन ७० चं ६२-६३ झालं असतं, रेट थोडा वाढवला असता, संपलं. अजून चांगलं म्हणजे जुनी सिरिंज संपायच्या आधीच दुसऱ्या पंपावर नवीन चालू करायची आणि बीपी उचललं की जुनी हळूहळू कमी करायची. पण त्याला पेशंटमागे एक पंप जास्त लागतो, सहा बेडला पाच पंप असताना ते नेहमी जमणार नाही हे मी मान्य करतो.

बीपी पडल्यावर रेट वाढवण्याआधी कफ एका मिनिटाने पुन्हा फुगवायचा आणि नळीचं टोक बघायचं. तसंच सिरिंज बदलल्यावर निदान अर्धा तास कफ दर तीन मिनिटांनी लावायचा, १५ ने नाही. हे फुकट आहे, आम्हाला सुचलं नव्हतं.

माझ्या सकाळच्या चुकीबद्दल मी बरंच डोकं खाजवलंय. ५३ आणि ५ बघून मी बरोबर ओळखलं की गणित आणि औषध जुळत नाहीये, पण दोष लगेच मशीनवर टाकला, कारण सिरिंज तर सिरिंज असते. पंप, सिरिंज आणि नळी एकदम बदलल्याने कशामुळे फरक पडला हे कळायचा मार्गच मी बंद केला. आधी फक्त ब्रँडची ओळ वाचली असती तर दहा सेकंदांचं काम होतं. आणि नवीन पंप लावताना, जुना पंप कमी देत होता असं मीच म्हणत असेन, तर मग नवीन ५ वरच का लावला? माझ्याच निष्कर्षाप्रमाणे तो ४ च्या आसपास लावायला हवा होता. याचं उत्तर माझ्याकडे नाही, हात गेला.

आता प्रत्येक पंपावर पांढऱ्या टेपवर सेट ब्रँडचं नाव लिहिलेलं आहे, सिरिंज बदलताना दुसऱ्या माणसाने ती ओळ मोठ्याने वाचायची. हॅन्डओव्हरला गेलेलं अधिक उरलेलं बरोबर भरलेलं, ही बेरीज चार्टवर लिहायची, पहिल्या महिन्यात सगळ्यांनी तोंड वाकडं केलं. पाचही पंपांत दोन्ही ब्रँड कॅलिब्रेट करून घेतले. आणि स्टोअरला सांगितलं की नवीन ब्रँडची पेटी माझ्या सहीशिवाय आयसीयूत यायची नाही.

दिवाळीनंतर तिसऱ्याच ब्रँडची एक पेटी आली, स्वस्त होती म्हणून. स्टोअरच्या पोराने मला आधी फोन केला. मी तराजू मागायला गेलो तर शेठ म्हणाले तुळशीचं लग्न झालं, आता लग्नसराई, तराजू मोकळा होत नाहीये, पौष लागला की या, तेव्हा गिऱ्हाईक नसतं. पेटी अजून सीलबंद स्टोअरच्या वरच्या फळीवर आहे.